मायक्रोडिस्क लेझर मंद पडला किंवा भलतीकडेच उजळतोय? आधी हे तपासा

लक्षणं

मायक्रोडिस्क लेझर म्हणजे बारीक खांबावर टेकलेली, काही मायक्रॉन रुंदीची अर्धवाहक चकती. तिला उजळवायला बाहेरून जो प्रकाश देतात तो पंप, आणि ज्या पंपपासून ती लेझर म्हणून चालू लागते तो थ्रेशोल्ड. खालच्यापैकी एखादी तक्रार ओळखीची वाटत असेल, तर पुढचं वाचा.

- पंपची पॉवर तेवढीच, पण स्पेक्ट्रममधलं शिखर पूर्वीच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली. थ्रेशोल्ड वर सरकलेला.
- उंची बरी आहे, पण शिखर रुंद झालंय. किंवा एकाच्या जागी चिकटून दोन दिसतायत.
- पंप वाढवला की शिखर लाल बाजूला (लांब तरंगलांबीकडे) सरकतं, थोडं वाढतं आणि मग विझतं.
- आठवड्यागणिक शिखर निळ्या बाजूला सरकतंय आणि थ्रेशोल्ड चढतोय.
- कोनानुसार मोजलेला आलेख एकीकडे झुकलाय. दोन सारख्या पाकळ्या हव्यात तिथे एकच आहे, किंवा बरोबर आडव्या पातळीत अंधार आहे.
- एक शिखर असं की चकती बदलली तरी जागचं हलत नाही.

मी ज्या चकत्यांबद्दल लिहितोय त्या गॅलियम आर्सेनाइडच्या आहेत. आत इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या क्वांटम वेल (प्रकाश देणारे अतिपातळ थर), प्रकाश ९८० नॅनोमीटरच्या आसपास, व्यास ३ ते ८ मायक्रॉन, जाडी २०० नॅनोमीटरच्या घरात. खाली ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचा बारीक खांब. पंप वरून, दुसऱ्या लेझरने. इंडियम फॉस्फाइडवाल्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. जिथे फरक आहे तिथे सांगेन.

तपासणीआधी एवढं समजून घ्या

विजापूरचा गोल घुमट शाळेच्या सहलीत बहुतेकांनी पाहिलेला असतो. सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पलीकडे ऐकू येतं, कारण आवाज वक्र भिंतीला चिकटून फिरतो. लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या अशाच सज्जाचं गणित मांडलं, आणि पुढे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सी. व्ही. रामन यांनी सेंट पॉल्सबरोबर गोल घुमटाचाही अभ्यास केला. मायक्रोडिस्कमध्ये प्रकाश हेच करतो: चकतीच्या कडेला आतून आपटत आपटत गोल फिरत राहतो. १९९२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मॅकॉल, लिव्हाय, स्लशर आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेवरचा पहिला अर्धवाहक लेझर करून दाखवला.

फिरणारा प्रकाश निसटायच्या वाटा चार. वळणावर बाहेर सांडणं, कडेच्या खडबडीतपणावर विखुरणं, द्रव्यात किंवा पृष्ठभागावर शोषला जाणं, आणि खाली खांबात गळणं. प्रत्येक वाटेचा एक क्यू फॅक्टर (प्रकाश आत किती टिकतो त्याचं माप) असतो आणि एकूण क्यूचा व्यस्त म्हणजे या सगळ्या व्यस्तांची बेरीज. त्यामुळे चारांतली सगळ्यात वाईट वाट निकाल लावते. बाकीच्या तीन कितीही सुधारल्या तरी आकडा हलत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. यातल्या पहिल्या दोन वाटांनी जो प्रकाश निसटतो, तोच तुमच्या डिटेक्टरवर येतो. म्हणजे ऱ्हास आणि सिग्नल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कडा जितकी गुळगुळीत तितका प्रकाश आत जास्त टिकतो आणि बाहेर तितका कमी दिसतो. म्हणून नुसत्या उंचीवरून कोणत्याही चकतीला नापास करू नका. उंची आणि रुंदी एकत्र वाचा. शिखर बुटकं पण अरुंद असेल, तर प्रकाश आत नीट फिरतोय आणि तुम्ही तो चुकीच्या जागी उभं राहून शोधताय. बुटकं आणि रुंदही असेल, तर आत काहीतरी प्रकाश खातंय. ही एक विभागणी केली की पुढची निम्मी तपासणी वाचते.

१. शेजारच्या चकतीकडे बघा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. त्याच चिपवरच्या चारपाच शेजारणी मोजा. सगळ्याच मंद असतील तर दोष टेबलावर आहे: पंप, फोकस, फिल्टर, स्पेक्ट्रोमीटर. एकच मंद असेल तर दोष तिच्यात आहे. एवढी साधी गोष्ट लोक करत नाहीत आणि थेट क्लीनरूमची वेळ मागायला जातात.

चांगली चालणारी एक चिप कायमची बाजूला ठेवा, कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत. प्रत्येक नव्या बॅचआधी तिच्यावरची ठरलेली चकती मोजायची. ती ठीक आली तर टेबल निर्दोष. आमच्याकडे नव्या विद्यार्थ्याला पहिलं काम हेच देतात, आणि ते कंटाळवाणं आहे याबद्दल दुमत नाही.

२. पंप खरंच तेवढाच आहे का

लेझरच्या डब्यावरचा करंटचा आकडा म्हणजे पॉवर नव्हे. मीटर ऑब्जेक्टिव्हच्या पुढे, सॅम्पलच्या जागी धरून मोजा. मधला आरसा किंवा फिल्टर कोणीतरी बदललेला असतो आणि वहीत नोंद नसते.

नंतर ठिपका. मोड, म्हणजे आत फिरत टिकणारा प्रकाशाचा नमुना, चकतीच्या कडेच्या साधारण एका मायक्रॉनच्या पट्ट्यात राहतो. मोठ्या चकतीवर दोन मायक्रॉनचा ठिपका बरोबर मध्यावर टेकवला, तर कडेपर्यंत पुरेसे वाहक (प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन आणि होल) पोचत नाहीत, आणि पंप न झालेली क्वांटम वेल त्याच तरंगलांबीचा प्रकाश शोषते. दोष काहीच नसताना थ्रेशोल्ड चढलेला दिसतो. ठिपका चकतीएवढा पसरा, किंवा मुद्दाम कडेवर आणून बघा. सिग्नल उसळला तर प्रश्न इथेच मिटला.

पंपची तरंगलांबी बदलली असेल तर जुने आकडे नव्याशी ताडू नका. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश गॅलियम आर्सेनाइडमध्ये सव्वाशे नॅनोमीटरच्या आसपासच बराचसा शोषला जातो. ७८० ला तीच खोली अर्ध्या मायक्रॉनच्या पुढे जाते, म्हणजे पातळ चकतीतून बराच पंप आरपार निघून जातो. बाहेर मोजलेली पॉवर सारखी असली तरी आत शोषलेली सारखी नसते.

३. स्पेक्ट्रोमीटरची फट

शिखर रुंद झालं म्हणून रडण्याआधी तिथे आर्गनचा कॅलिब्रेशन दिवा लावा. ९६५.८ नॅनोमीटरची रेषा आपल्या कामाच्या अगदी जवळ आहे. दिव्याची रेषाही तेवढीच रुंद दिसत असेल, तर तुम्ही चकतीची रुंदी मोजतच नाही आहात, फटीची मोजताय. क्यू म्हणजे तरंगलांबी भागिले रुंदी. उपकरणाची मर्यादा ०.२ नॅनोमीटर असेल तर ९८० ला ४९०० च्या वरचा क्यू दिसणारच नाही, चकतीचा खरा क्यू ५०,००० असला तरी. फट अरुंद करा, जास्त रेषांचं ग्रेटिंग (प्रकाश फोडणारी रेघांची पट्टी) लावा, आणि मग मत बनवा.

रुंदी नेहमी सारख्याच पंपवर ताडायची, थ्रेशोल्डच्या जरा खाली. त्याच्या बऱ्याच खाली क्वांटम वेलचं शोषण रेषा रुंद करतं आणि वर गेल्यावर लेझिंगमुळे ती आपोआप अरुंद होते. दोन बॅचेसचे क्यू वेगवेगळ्या पंपवर मोजून शेजारी शेजारी छापलेले तक्ते मी पाहिलेत. त्यांवरून काहीही ठरवता येत नाही.

जागचं न हलणारं शिखर इथेच पकडायचं. ५३२ चा पंप ग्रेटिंगच्या दुसऱ्या ऑर्डरमध्ये १०६४ ला दिसतो. स्वस्तातल्या हिरव्या लेझरमधून ८०८ आणि १०६४ चा अवरक्त प्रकाश खरोखरच गळत असतो, कारण हिरवा तयार होतो तोच १०६४ चा दुप्पट करून. पंपच्या बाजूला अवरक्त अडवणारा फिल्टर आणि स्पेक्ट्रोमीटरच्या बाजूला लाँगपास (लांब तरंगलांबीच सोडणारा) फिल्टर, दोन्ही हवेत. शंका असेल तर ठिपका चकतीवरून उचलून मोकळ्या सबस्ट्रेटवर (चिपच्या तळावर) न्या. शिखर तसंच राहिलं तर ते चकतीचं नाही.

उलट खात्रीही करून घ्या. एकाच रेडियल जातीच्या दोन शेजारी मोडांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबीचा वर्ग भागिले परीघ गुणिले ग्रुप इंडेक्स. पाच मायक्रॉन व्यासाला आणि ३.६ इंडेक्सला ते १७ नॅनोमीटरच्या आसपास येतं. तुमची शिखरं दोनतीन नॅनोमीटरवर ओळीने येत असतील, तर ती बहुधा फिल्टरच्या किंवा काचेच्या पातळ पट्टीतल्या इंटरफेरन्सची आहेत.

४. चकती तापतेय का

शिखर पंपबरोबर लाल बाजूला पळत असेल तर आधी उष्णतेवरच संशय घ्या. गॅलियम आर्सेनाइडमध्ये मोड दर अंश तापमानाला ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे शिखर हाच तुमचा थर्मामीटर आहे. क्वांटम वेलचा गेन (ती प्रकाश वाढवते तो तरंगलांबीचा पट्टा) मात्र त्याहून बराच वेगाने, अंशाला ०.३ नॅनोमीटरच्या आसपास, लाल बाजूला जातो. दोघांची गाडी चुकली की मोड गेनच्या बाहेर पडतो आणि विझतो. तिसऱ्या लक्षणाचं कारण बहुतेक वेळा हेच.

किती तापते याचा अंदाज कागदावर काढता येतो. खांब एक मायक्रॉन जाड आणि दीड मायक्रॉन उंच धरा. उष्णता जायला तेवढीच वाट, आणि ॲल्युमिनियम मिसळलेला गॅलियम आर्सेनाइड उष्णतेचा वाहक म्हणून शुद्ध गॅलियम आर्सेनाइडच्या कितीतरी मागे. हिशेब असा येतो की चकतीत १०० मायक्रोवॉट उष्णता शिरली तरी तापमान पंधराएक अंशांनी चढतं. एक मिलिवॉट सतत दिला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

इथे सगळे हमखास चॉपर (झोत अडवत-सोडत फिरणारी पाती) लावतात आणि म्हणतात, पल्स करून पाहिलं, फरक नाही. फरक पडणारच नाही. पाच मायक्रॉनच्या चकतीला तापायला साधारण एक मायक्रोसेकंद पुरतो. चॉपरची सगळ्यात छोटी उघडझाप त्याच्या कैक पट लांब. तेवढ्यात चकती पूर्ण तापून स्थिरावते. ती मोठ्या सॅम्पलसाठीची युक्ती आहे. इथे डायोडला पल्स जनरेटर जोडून ५० ते १०० नॅनोसेकंदांचे पल्स द्या आणि मधली विश्रांती पल्सच्या शंभरपट ठेवा. शिखर जागेवर परतलं, तर चकती निर्दोष आहे. जाडा खांब किंवा कमी पंप, यातलं काय परवडतं ते ठरवायचं. खांब फार जाडा केला तर तो मोडला चिकटतो. ते पुढे येतं.

५. सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघा

डार्क फील्ड असेल तर उत्तम. कडेवर धुळीचा एक कण पुरतो. रेझिस्टची (आकार कोरताना लावलेल्या लेपाची) राहिलेली साय, एका बाजूला कललेली चकती, कडेचा तुटका टवका, हे सगळं शंभरपटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली कळतं. चकतीखालून खांब किती आत खणला गेलाय तेही रंगातल्या फरकावरून दिसतं, कारण खाली हवा असलेला भाग आणि खांबावर टेकलेला भाग वेगळ्या रंगाचे दिसतात. कडेपासून किमान एक मायक्रॉन मोकळी जागा हवी. त्याहून कमी असेल तर प्रकाश खांबात गळतोय, आणि तो वरून कितीही शोधला तरी मिळणार नाही.

स्वच्छता करायची तर ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग हलका नायट्रोजन. अल्ट्रासॉनिक बाथ अजिबात नाही, चकत्या खांबावरून निखळतात. तोंडाने फुंकर मारणाऱ्यांना मी लॅबबाहेर काढतो. रेझिस्टची साय निघत नसेल तर ऑक्सिजन प्लाझ्मा लागतो. तो चालवायचं प्रशिक्षण नसेल तर इथे थांबा आणि क्लीनरूमच्या तंत्रज्ञाला सांगा.

६. प्रकाश आहे, पण कुठे जातोय?

शिखर अरुंद, सिग्नल कमी. अशा वेळी लोक सगळ्यात जास्त चकतात, म्हणून इथे जरा सविस्तर.

चकतीचा प्रकाश मुख्यतः तिच्या स्वतःच्या पातळीत, आडवा बाहेर पडतो. तुमचा ऑब्जेक्टिव्ह वरून बघतोय. ०.४२ न्यूमरिकल ॲपर्चरचा ऑब्जेक्टिव्ह उभ्या रेषेपासून २५ अंशांपर्यंतचाच प्रकाश घेतो. प्रकाश सगळीकडे सारखा पसरला असता तरी पाच टक्क्यांहून कमी मिळाला असता. वरून जे दिसतं ते बहुतांशी कडेच्या खडबडीतपणावर विखुरलेलं असतं. त्यामुळे नव्या बॅचची कोरीव कडा आधीपेक्षा चांगली आली, तर वरून सिग्नल घटतो. नवी रेसिपी वाईट म्हणून टाकून द्यायच्या आधी बाजूने मोजा.

बाजूने मोजायला फिरत्या हातावर फायबर किंवा छोटा डिटेक्टर लावतात. पहिली चाचणी अगदी स्वस्त आहे: आलेख घ्या, सॅम्पल ९० अंश फिरवा, पुन्हा आलेख घ्या. झुकाव सॅम्पलबरोबर फिरला तर तो चकतीचा. जागेवरच राहिला तर फिरत्या हाताचा आस चकतीवरून जात नाहीय, किंवा पंप तिरका आहे, किंवा टेबलावरची एखादी उभी दांडी मध्ये येतेय. ही चाचणी न करता काढलेल्या कोणत्याही फार-फील्ड (दुरून, कोनानुसार मोजलेल्या) आलेखावर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्याही.

दुसरं, उंची. आडव्या पातळीत बरोबर शून्य अंशावर अंधार दिसला की वाटतं चकती मेली. चकतीच्या खाली एकदोन मायक्रॉनवर सबस्ट्रेट असतो आणि तो आरशासारखा वागतो. थेट आलेला आणि सबस्ट्रेटवरून परतलेला प्रकाश एकत्र येतात. अगदी निसटत्या कोनात परतताना प्रकाशाची फेज उलटते, म्हणून शून्याजवळ दोघं एकमेकांना खोडतात. पहिला उजेड वर सापडतो: त्या कोनाचा साइन म्हणजे तरंगलांबी भागिले चकतीच्या उंचीची चौपट. उंची दीड मायक्रॉन असेल तर ९८० ला हा कोन नऊ-साडेनऊ अंश येतो, एक मायक्रॉनला चौदा. डिटेक्टर तेवढा वर उचला. बरेचसे मेलेले लेझर इथे जिवंत होतात.

तिसरं, शेजारी. चकत्यांची जाळी दाट असेल तर आडवा निघालेला प्रकाश शेजारणीवर आदळतो आणि आलेखात दर ठरावीक कोनावर खाच पडते. चिपच्या काठावरची चकती निवडा, किंवा पुढच्या मास्कमध्ये (चकत्या छापायच्या साच्यात) मोजायच्या चकत्या एकट्या ठेवा. एकट्या ठेवल्या की जागा वाया जाते म्हणून मास्क काढणारे कुरकुर करतात. करू द्या.

आता आलेखात दिसायला काय हवं? अचूक गोल चकतीला आवडती दिशा नसते. घड्याळाच्या दिशेने आणि उलट फिरणाऱ्या लाटा मिळून स्थिर लाट झाली, तर परिघावर बसणाऱ्या तरंगलांबींच्या दुप्पट पाकळ्या येतात. पाच मायक्रॉनच्या चकतीत परिघावर चाळीसएक तरंगलांबी बसतात, म्हणजे ऐंशीच्या आसपास पाकळ्या, साडेचार अंशांना एक. डिटेक्टरचं तोंड पाच अंश रुंद असेल तर हे सगळं पुसलं जाऊन सपाट वर्तुळ दिसेल, आणि ते बरोबरच आहे. गोल चकतीत एकच ठळक दिशा दिसली तर आनंद नको, संशय घ्या: टवका, धूळ किंवा मध्यावरून सरकलेला खांब.

दिशा हवी म्हणून मुद्दाम आकार बिघडवतात. नोकेल आणि स्टोन यांनी १९९७ मध्ये अशा बिघडवलेल्या पोकळ्यांतली किरणांची अनागोंदी आणि त्यातून येणारी दिशा समजावली. १९९८ मध्ये ग्माखल आणि सहकाऱ्यांनी क्वांटम कॅस्केड लेझरवर ते करून दाखवलं, आणि ठरावीक दिशांत गोल चकतीच्या मानाने हजार पटींपर्यंत पॉवर मिळवली. त्या पोकळीत प्रकाश कडेला चिकटून फिरण्याऐवजी बो-टायच्या आकारात येरझाऱ्या घालत होता. २००८ मध्ये वीर्झिग आणि हेन्शेल यांनी लिमासोन आकार सुचवला: त्रिज्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे बदलते आणि त्या बदलाचा गुणांक ०.४३ च्या आसपास घेतला की प्रकाश मुख्यतः एकाच बाजूला जातो, क्यूही फारसा पडत नाही. लिमासोन करत असाल तर एक खूण लक्षात ठेवा. तिथली दिशा किरणांच्या अनागोंदीच्या रचनेतून येते, म्हणून चांगल्या क्यूच्या सगळ्या मोडांची दिशा साधारण सारखीच असायला हवी. मोड बदलला की आलेख पूर्ण बदलत असेल, तर लिथोग्राफीत (आकार छापायच्या पायरीत) आकार तरी चुकला आहे किंवा मोजमाप तरी.

इंडियम फॉस्फाइडवाल्यांसाठी: हायड्रोक्लोरिक ॲसिड स्फटिकाच्या दिशेनुसार कमीजास्त वेगाने खाते, त्यामुळे खांब गोल न राहता समभुज चौकोनासारखा येतो. त्याची टोकं मोडला टेकली तर आलेखात तशीच समरूपता उमटते आणि रेषाही रुंदावते. सूक्ष्मदर्शकाखाली खांबाचा आकार आणि आलेख शेजारी ठेवून बघा.

७. पृष्ठभाग कुजतोय का

शिखर आठवड्यागणिक निळ्या बाजूला आणि थ्रेशोल्ड वर, ही जोडी दिसली तर पृष्ठभाग. दमट हवेत आणि पंपच्या उजेडात गॅलियम आर्सेनाइडचं ऑक्सिडीकरण होतं, अर्धवाहक तेवढा झिजतो आणि मोड निळ्याकडे सरकतो. पावसाळ्यात एसी बंद राहिलेल्या खोलीत हे लवकर घडतं. शिवाय गॅलियम आर्सेनाइडच्या उघड्या पृष्ठभागावर वाहक फार लवकर मरतात: पृष्ठभागावरच्या पुनर्मीलनाचा वेग सेकंदाला दहा लाख सेंटिमीटरच्या घरात, तर इंडियम फॉस्फाइडमध्ये दहा हजारांच्या. चकती जितकी लहान तितका कडेचा वाटा मोठा, म्हणून तीन मायक्रॉनची चकती आठ मायक्रॉनच्या चकतीआधी बंद पडते.

आधी स्वस्त उपाय: मोजताना सॅम्पलवर कोरड्या नायट्रोजनचा हलका झोत, काम नसताना कोरडी पेटी, आणि विनाकारण पंप चालू न ठेवणं. घसरण थांबली तर निदान पक्कं. पुढचा उपाय म्हणजे अमोनियम सल्फाइडमध्ये बुडवून पृष्ठभाग शांत करणं आणि लगेच वर ॲल्युमिना किंवा सिलिकॉन नायट्राइडचा पातळ थर देणं. थर न देता नुसतं सल्फाइड केलं तर परिणाम हवेत काही दिवसांत ओसरतो. सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा आणि वायू विषारी; फ्यूम हुडशिवाय बाटली उघडायची नाही.

८. शेवटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

इथपर्यंत काही सापडलं नाही आणि शिखर अजून रुंद असेल, तर कडेचा खडबडीतपणा बघावा लागतो. हे शेवटी ठेवायचं कारण पैसा तर आहेच, पण इलेक्ट्रॉन झोताखाली चकतीवर कार्बनचा थर बसतो. पाहिलेली चकती नंतर लेझर म्हणून मोजू नका. त्याच बॅचमधली एक बळी द्या. कडेवर उभ्या रेघा दिसल्या तर लिथोग्राफीतली रेझिस्टची कडा खराब, खालच्या बाजूला खड्डे दिसले तर खोदाईची रेसिपी.

दोन चिकटलेली शिखरं दिसली म्हणून इथे धावू नका. उलटसुलट फिरणाऱ्या दोन लाटा खडबडीतपणामुळे एकमेकींत मिसळल्या की रेषा दुभंगते, आणि हे क्यू चांगला असल्यावरच दिसतं. क्यू वाईट असेल तर दोन्ही शिखरं एकात बुडून जातात. तसंच ‘वळणावर सांडतंय’ हे कारण पाच मायक्रॉनच्या चकतीला देऊ नका. ती वाट व्यास घटेल तशी फार झपाट्याने रुंदावते, पण या मापाला बाकीच्या तीन वाटांपुढे ती नगण्य आहे.

कुठे थांबायचं

खांब पुन्हा खणायचा असेल तर हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं. ते वापरायचं प्रशिक्षण, योग्य हातमोजे, शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि खोलीत दुसरं माणूस, यातलं एक जरी नसेल तर बाटलीला हात लावायचा नाही. पातळ ॲसिडचा डाग सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातो. अंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याखाली धुवा, जेल लावा आणि डॉक्टरकडे जा. दुखण्याची वाट बघू नका.

पंप लेझरचं झाकण उघडून आतली जुळणी करणं हे उत्पादकाच्या सर्व्हिस इंजिनिअरचं काम. ८०८ चा झोत डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो, १०६४ चा दिसतच नाही, आणि दोन्ही डोळ्याच्या आतला पडदा जाळतात. कॅमेऱ्याचं थंड राखायचं निर्वात भांडं आणि क्रायोस्टॅटचे (सॅम्पल थंड ठेवायच्या भांड्याचे) सीलही स्वतः उघडू नका.

सल्फाइडनंतरचा थर, प्लाझ्मा खोदाईची नवी रेसिपी किंवा नवा मास्क लागणार असेल तर सॅम्पल फॅब्रिकेशनवाल्यांकडे द्या, पण नुसतं देऊ नका. सोबत चिपचा नकाशा आणि कोणत्या चकत्या मोजल्या त्याची खूण. दिव्याच्या रेषेसकट स्पेक्ट्रम. सतत आणि पल्स अशा दोन्ही पंपवरचे थ्रेशोल्ड. ९० अंश फिरवून घेतलेले दोन फार-फील्ड आलेख, आणि डिटेक्टर किती अंश वर होता तो आकडा. यातला शेवटचा आकडा लोक हमखास विसरतात आणि मग फोन येतो.